वही उघडली की दुखणारा हात

परीक्षा तोंडावर आल्या की 'हात दुखतो' म्हणणारी मुलं माझ्या दवाखान्यात येतातच. त्यामुळे सातवीतल्या त्या मुलाचे वडील खुर्चीत टेकायच्या आधीच "नाटकं आहेत मॅडम सगळी" म्हणाले, तेव्हा मला नवल वाटलं नाही. मोबाईलवर गेम खेळताना दुखत नाही, वही उघडली की दुखतं, हा त्यांचा पुरावा. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून पाहिला होता, हाडं ठणठणीत.

त्याला अंगठा मुठीत घालायला लावून मी मनगट करंगळीच्या बाजूला हळूच वळवलं. निम्म्यातच कळवळला. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला थोडी सूजही होती. नाटक करणाऱ्याला इतकी नेमकी जागा सापडत नाही! अंगठा उचलणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, तिथे एका अरुंद बोगद्यातून जातात. त्याचं आवरण जाड झालं की त्या अडकत, घासत सरकतात. फ्रिट्झ डी क्वेर्वेन या स्विस सर्जनने १८९५ मध्ये वर्णन केलेलं हे दुखणं. एरवी ते घेऊन येतात त्या तान्ह्या बाळांना दिवसभर उचलणाऱ्या आया.

मग वडिलांचाच मोबाईल त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, खेळ. वडील बघतच राहिले. गेम सुरू झाला तशी मान खाली गेली, खांदे कानांशी आले, मनगटं मुडपली, दोन्ही अंगठे ताठ होऊन काचेवर नाचू लागले. मधूनच श्वाससुद्धा रोखलेला. "दुखतंय का रे?" त्याला ऐकूच गेलं नाही. गेम संपल्यावर मात्र त्याचा डावा हात आपसूक उजवा अंगठा चोळू लागला. खेळाच्या तंद्रीत जाणवत नाही ते पेन धरलं की जाणवतं. वडिलांचं निरीक्षण खरं होतं, निष्कर्ष तेवढा चुकला होता.

अंगठ्याला आधार देणारा स्प्लिंट, बर्फाचा शेक, शाळेसाठी चिठ्ठी, काही आठवडे गेम बंद, सूज उतरली की व्यायाम. गेम कायमचा बंद करा असं मी सांगत नाही. ते कुठल्याच घरात टिकत नाही, आणि पोरं मग पांघरुणात आडवी पडून खेळतात, म्हणजे मानेचीही वाट.

स्प्लिंट बांधताना तो पहिल्यांदाच आपणहून बोलला.

"डाव्या हाताने खेळलं तर चालेल?"

मी डाव्या मनगटाचीही तीच चाचणी केली. तिथेही दुखत होतं, जरा कमी. वडिलांनी दुसऱ्या स्प्लिंटची किंमत विचारली.