पाचांतली कोणती?

सापसुरळी दिसली की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात: ‘अगं बाई!’ नाहीतर झाडू. ती कुठल्या जातीची, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही कधी आला नव्हता. सिडनीत ओढ्याकाठचं घर मिळालं आणि तो आपणहून गळ्यात पडला.

इथल्या ओढ्याकाठच्या सापसुरळीला सगळे ‘वॉटर स्किंक’ म्हणतात. आमच्या कुंपणापलीकडे एक सपाट खडक आहे. त्याच्यावर उन्हं आली की ही अंग चपटं करून पसरते. पाठ तपकिरी, तेल लावल्यासारखी तकतकीत. डोळ्यापासून निघून पाठीच्या दोन्ही कडांनी मागे जाणारी फिकट सोनेरी रेघ. कुशी काळ्या आणि त्यांवर पांढरट ठिपके. आपली सावली पडायचा अवकाश, थेट पाण्यात उडी! तळच्या दगडाखाली दम धरून बसते आणि आपण कंटाळून वळलो की हळूच नाक वर काढते. किडे, गोगलगायी, बेडकांची पिल्लं, तिला काहीही चालतं.

साताऱ्याहून आलेल्या आईने तिला पाहिलं आणि दारातूनच ओरडली, “हात लावू नकोस रे, विषारी असते ती!”

“आई, जगात सतराशेच्या वर जाती आहेत सापसुरळ्यांच्या. एकही विषारी नाही. आणि ही तर अंडीसुद्धा घालत नाही, पिल्लंच देते.”

आई थोडा वेळ बघत राहिली. “बाळंतीण होते म्हणजे? मग राहू दे बिचारीला.”

आईचं वर्गीकरण तिथे संपलं. शास्त्रज्ञांचं दोनशे वर्षं होत आली तरी चालूच आहे. ही सोनेरी रेघवाली म्हणजे युलँप्रस क्वॉयी. क्वॉय हे फ्रेंच जहाजावरचे डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक. ते १८१९ मध्ये सिडनीला येऊन गेले. त्यांचं नाव या सापसुरळीला दिलं ते दुमेरील आणि बिब्रों या फ्रेंच जोडीने, १८३९ मध्ये.

पुढे ‘युलँप्रस’ या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गोतावळ्यात, पुष्कळ भरणा झाला. पावसाळी जंगलात झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या, पाण्याशी फारसं देणंघेणं नसलेल्या सापसुरळ्याही तिच्यातच घातल्या गेल्या. मागच्या दशकात डीएनए तपासून त्यांना वेगळ्या चुली मांडून दिल्या आणि मूळ घरात पाचच जणी उरल्या. पाचही पूर्व आणि आग्नेय ऑस्ट्रेलियाच्या.

त्यातल्या दोघींची गंमत मला सगळ्यात आवडते. टिंपॅनम आणि हीटवोलाय. दोघींनाही ती सोनेरी रेघ नाही, आणि कितीतरी वर्षं दोघी एकच समजल्या जात. अभ्यासक आपापसांत ‘थंड हवेची’ आणि ‘उबदार हवेची’ असं म्हणून काम भागवायचे. टिंपॅनमबद्दल तर २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं की गाभण मादीला ऊब जास्त मिळाली की नरच जन्मतात. पिल्लं देणाऱ्या सरड्यांत असं कुणी पाहिलंच नव्हतं. मग २०२० मध्ये दुसऱ्यांनी दाखवलं की या दोघींत चांगली जुनी, कोट्यवधी वर्षांची एक्स-वाय गुणसूत्रं आहेत. म्हणजे मुलगा की मुलगी हे ऊन ठरवतं की बापाचं गुणसूत्र? मला विचाराल तर दोघांचाही हात असावा. पण मला कोण विचारतंय!

हीटवोलायला नाव दिलं ते वेल्स आणि वेलिंग्टन या दोघांनी. १९८०च्या दशकात या जोडगोळीने स्वतःच काढलेल्या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांना शेकड्याने नवी नावं वाटून टाकली. पुरावा थोडा, उरक दांडगा. प्राणिशास्त्रज्ञ इतके भडकले की ही सगळी नावं रद्द करा, असा अर्ज आंतरराष्ट्रीय नामकरण आयोगाकडे गेला. आयोगाने काही ती रद्द केली नाहीत. त्यांच्या घाईबद्दल मला कौतुक नाही, पण त्या ढिगातली काही नावं खरी निघाली हेही खरंच. हीटवोलाय त्यातलीच.

त्या ढिगातली दुसरी ल्युराएन्सिस. ब्लू माउंटन्समधल्या ल्युरा गावावरून हे नाव. (उरलेली पाचवी, कॉशिउस्कोई, उंच डोंगरावरच्या थंडीत राहणारी. पाठीवर काळे पट्टे मिरवते.) ल्युराएन्सिस काळीभोर, अंगावर बारीक पिवळसर रेघा. ब्लू माउंटन्स आणि शेजारचं न्यूनेस पठार सोडलं तर जगात कुठेही नाही, आणि तिथेही फक्त डोंगरउतारावरच्या गवताळ दलदलींत. चाहूल लागली की गवताच्या बुंध्यात नाहीतर ओल्या बिळात गडप होते. एका दलदलीतली सहसा दुसरीत जात नाही, त्यामुळे प्रत्येक दलदलीतल्या कुळाचा डीएनए थोडा निराळा.

आता अडचण अशी की न्यूनेस पठाराखाली दगडी कोळसा आहे. खालचा थर लांबच लांब पट्ट्यांनी काढला की वरचा खडक खचतो, त्याला भेगा पडतात आणि दलदलीतलं पाणी त्यातून निघून जातं. काही दलदली अशा वाळल्याही. २०१९-२०च्या वणव्यात आणखी जळाल्या. ल्युराएन्सिस आज राज्याच्या आणि देशाच्या, दोन्ही याद्यांत संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे, त्यामुळे तिथे खाण काढायची तर तिचं काय होणार, याचा जबाब कागदोपत्री द्यावा लागतो. तिला कुणी वेगळी ओळखलीच नसती, तर हा रकाना त्या कागदावर आला नसता.