तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रग म्हणजे औषध की नशा?

लक्ष्मी रोडवरच्या दुकानावर ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’ अशी पाटी उजळ माथ्याने लागते आणि ‘ड्रग्ज’ सापडली की पोलीस बेड्या घालतात. मग ड्रग म्हणजे नक्की काय, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात.

इंग्रजीत शब्द एकच. शरीराच्या किंवा मनाच्या चालीत फरक पाडणारा, अन्न नसलेला पदार्थ. मराठीने त्याची वाटणी केली: खातं असेल तर ‘अन्न व औषध प्रशासन’, पोलिसांचं पथक असेल तर ‘अमली पदार्थ विरोधी’. पूर्वी आपण इतके सोवळे नव्हतो. दारू हा फारसी शब्द, त्याचा अर्थच औषध. ‘दवादारू’मध्ये तो अजून तग धरून आहे. आणि ‘अमली’तला अंमल म्हणजे सत्ता, पेशव्यांचा अंमल म्हणतो तोच. पदार्थ बाटलीतला की पुडीतला, याच्याशी या शब्दाला घेणंदेणं नाही. हुकूम कोणाचा चालतो, एवढंच तो सांगतो. इंग्रजीपेक्षा हा शब्द आम्हाला सरस वाटतो.

वाटणीमुळे घोटाळा होतो. गर्द, म्हणजे हेरॉइनची पूड, म्हटलं की घर हादरतं; झोपेची गोळी मात्र ‘मेडिकलमधलीच आहे’ म्हणून खपून जाते. अल्प्राझोलामची स्ट्रिप एकदा उजेडात धरून बघा. लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाही. ‘आरएक्स’ (Rx) या चिठ्ठीच्या खुणेआधी ‘एन’ असेल, तर ती गोळी १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातही बसते. म्हणजे औषधही तेच, अमली पदार्थही तोच.

मेंदूला स्वतःचा ब्रेक असतो, ही गोळी तो आणखी दाबते. काही आठवडे रोज दाबला की मेंदू आपला ब्रेक सैल सोडतो. मग ०.२५ मिलिग्रॅमवर लागणारी झोप ०.५ वर येते, पुढे तेवढ्यानेही भागत नाही. अशात घरच्यांनी रागाने पाकीट फेकून दिलं, तर एक-दोन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, फिटही येऊ शकते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तरी तसंच. साधारण दोन ते चार दिवसांनी भास आणि बरळणं सुरू झालं, तर जिवावर बेतू शकतं. ‘मनावर घेतलं की सुटतं’ हा सल्ला इथे घातक आहे. डॉक्टर गोळी टप्प्याटप्प्याने उतरवतात, दारू औषधांच्या आधाराने सोडवतात.

गर्दचं उलट. टर्कीत, म्हणजे ते तोडल्यावर होणाऱ्या त्रासात, अंग मोडून येतं, नाक-डोळे गळतात, जुलाब होतात. हाल फार, पण धडधाकट माणूस त्यातून सहसा निभावतो. धोका नंतर असतो. महिनाभर बंद ठेवून माणूस पुन्हा जुन्याच मात्रेवर गेला, तर शरीराची सवय उतरलेली असते आणि श्वास मंदावत थांबू शकतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या कारखान्यातून पुणे पोलिसांनी पकडलं ते एमडी, म्हणजे मेफेड्रोन. त्याचा असर दोन-तीन तासांत ओसरतो, म्हणून एका रात्रीत पुन्हा पुन्हा ओढलं जातं. ठोके वाढतात, जबडा आवळतो, अंग तापतं, झोप उडते, संशय बळावतो.

पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नका. व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात गेला, तर सेवनाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळण्याची तरतूद १९८५ च्या त्याच कायद्यात आहे. उपचार मात्र पुरे करावे लागतात. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. व्यसनमुक्तीसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६.

कोणी बेशुद्ध पडलं, तर कुशीवर वळवा, पाणी पाजू नका, उलटी काढायला जाऊ नका, १०८ लावा. आणि कचऱ्याच्या डब्यातली रिकामी स्ट्रिप शोधून सोबत न्या. काय घेतलं, हाच प्रश्न डॉक्टर पहिला विचारतात.