पुलाच्या मधोमध आई थांबली

रोमचे चार दिवस गर्दीत गेले, त्यांच्याबद्दल फारसं लिहावंसं वाटत नाही. मनात राहिलाय तो चिवीता दी बान्योरेजो या छोट्या गावाचा पूल.

ओर्विएतोहून बसने बान्योरेजोला उतरलो आणि चालत गावाच्या टोकाला गेलो. समोर दरी आणि दरीच्या मधोमध कातळावर बसलेलं चिवीता. तिकडे जायला साधारण तीनशे मीटरचा काँक्रीटचा पूल, तोही पायी. तोंडाशीच पाच युरोचं तिकीट. ‘गाव बघायला पैसे?’ असं पुटपुटणारे रांगेत होते. मला ते पैसे मुळीच जड वाटले नाहीत. खटकली ती वेशीच्या कमानीखाली फोटो काढून अर्ध्या तासात परतणारी माणसं.

पूल सुरुवातीला सोपा वाटतो, वेशीजवळ मात्र चढ अंगावर येतो. आई बहात्तर वर्षांची. चढाच्या अलीकडे तिने कठडा धरला. “तू हो पुढे, मी येते सावकाश.” मीही थांबले. तेवढ्यात मागून फटफटीचा आवाज आला. माणसं कडेला सरकली. चालवणाऱ्याच्या पायांशी पाण्याच्या बाटल्या, मागे बांधलेल्या क्रेटमधून पालेभाजी डोकावत होती.

“म्हणजे मीठमिरचीसुद्धा याच वाटेनं येते?”

“हो. दुसरी वाट आहेच कुठे?”

तिथेच उभ्याउभ्या मी तिला वाचलेलं सगळं सांगितलं. गाव रोमनांच्याही आधीच्या इट्रस्कन लोकांनी वसवलेलं, अडीच हजार वर्षांपूर्वीचं. वर ज्वालामुखीच्या राखेचा दगड, खाली चिकणमाती. पाऊस आणि दोन्ही अंगांचे ओढे माती धुऊन नेतात, मग आधार सुटलेला कडा घरांसकट कोसळतो. १६९५ च्या भूकंपानंतर पुष्कळ लोक बान्योरेजोला निघून गेले. आधीचा पूल दुसऱ्या महायुद्धात माघार घेताना जर्मनांनी उडवला, हा १९६५ चा. आता कायम राहणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. इटलीत याला ‘मरणारं गाव’ म्हणतात.

आई दरीतल्या त्या उघड्या, राखाडी मातीकडे बघत होती. “आमचं पाण्यानं नेलं, यांचं माती नेतेय.”

तिचं माहेर कोयनेच्या धरणात गेलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. निघताना तिच्या आजीने उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं आणि मग दाराची कडी लावली, एवढं तिला लख्ख आठवतं. बुडणाऱ्या घराला कडी कशाला, हे तिने आजीला कधी विचारलं नाही.

रात्री मुक्काम करायचा हट्ट माझा होता, आणि तो केला याचं फार समाधान आहे. अंधार पडायच्या आत चौक रिकामा झाला. सान दोनातो चर्चच्या पायरीवर आई चपला काढून बसली, शेजारी दोन मांजरं. घरमालकीणबाईंनी भाजलेले चेस्टनट आणून दिले, आईने पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, तरी तासभर बोलत होत्या. मी खोलीत जाऊन पडले.

सकाळी दरी धुक्याने भरली होती, पुलाचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं. आम्ही उतरू लागलो. समोरून आधी आवाज आला, मग दिवा. आई कालच्याच जागी कठड्याला टेकून उभी राहिली. फटफटीवाल्याने जाताजाता हात वर केला. आईनेही केला.