डिव्होट : नवसाच्या घरातले क्रियापद

गेल्या सप्टेंबरात वांद्र्याला मोत माउलीच्या जत्रेत गेलो होतो. टेकडीच्या चढावर एका दुकानात मेणाचे हात, पाय, घरे, तान्ही बाळे मांडलेली होती. शेजारच्या आजींनी गुडघ्यापर्यंतचा एक पाय निवडला, तो जपून पदरात घेतला आणि "नातवासाठी बोलले होते," एवढेच त्या म्हणाल्या. इंग्रजीतील 'डिव्होट' हे क्रियापद मला त्या क्षणी खऱ्या अर्थाने उमगले.

त्याचे मूळ लॅटिनमधील 'देवोवेरे' या शब्दात आहे. 'वोवेरे' म्हणजे देवापुढे शब्द देणे, नवस बोलणे. आणि 'दे' या उपसर्गाने, ज्याचा आपल्या 'देव' शब्दाशी काहीही संबंध नाही, ती वस्तू आपल्यापासून दूर गेल्याचा भाव येतो. निवडणुकीतला 'व्होट'देखील याच घरातला; मुळात त्याचाही अर्थ नवस किंवा मनातली इच्छा असाच होता.

रोमन लोकांनी हा अर्थ पार टोकाला नेला होता. इतिहासकार लिव्ही सांगतो, की इ. स. पूर्व ३४० मध्ये लढाईत आपली फळी मागे हटू लागली, तेव्हा सेनापती देकिउस मुस डोके झाकून, वस्त्राच्या आतून हनुवटीला हात लावून, पायाखाली भाला ठेवून उभा राहिला, पुरोहिताने सांगितलेले शब्द उच्चारून त्याने शत्रुसैन्यासह स्वतःला पाताळातील देवांच्या हवाली केले आणि मग घोड्यावरून एकटाच शत्रूच्या गर्दीत शिरला. अशा दिलेल्या माणसाला परत मागता येत नसे. म्हणूनच जुन्या इंग्रजीत 'डिव्होटेड' हा शब्द विनाशाच्या स्वाधीन झालेल्यासाठीही वापरला जाई.

आपण 'डिव्होशन'साठी सहज 'भक्ती' म्हणतो, पण तिचा धातू 'भज्', म्हणजे वाटणे, वाटा घेणे. 'भाग' आणि 'विभक्त' त्याचेच. इतकेच नव्हे, तर ताटातला 'भात'ही संस्कृत 'भक्त' या शब्दावरूनच आला. भक्त हा देवाचा वाटेकरी असतो, तर 'डिव्होट'मध्ये आपला वाटा सोडून द्यायचा असतो.

त्याला नेमका शब्द मराठीत आहेच. आपण फुले वाहतो, दूर्वा वाहतो, बेल वाहतो. महर्षी कर्व्यांनी स्त्रीशिक्षणाला वाहून घेतले, असे म्हणतो. म्हणून भाषांतर करताना मी 'समर्पित करणे' हा गुळगुळीत झालेला प्रयोग टाळून, शक्य तिथे 'वाहणे' आणि 'वाहून घेणे' हेच लिहितो.