मुगाच्या मोडांसाठी इन्क्युबेटर मिळवताना: माझा अनुभव

शुभांशु शुक्ला यांनी 2025 मध्ये अ‍ॅक्सिअम-4 मोहिमेत अंतराळ स्थानकावर मूग-मेथीला मोड आणले. त्याच धर्तीवर नागपुरात क्लिनोस्टॅट (बियांची डिश सावकाश फिरवत ठेवणारं यंत्र) फिरवायचा, तर यंत्रापेक्षा परवानगीच जास्त छळते.

मे महिन्यात इथल्या खोलीत 25 ते 28 अंश टिकत नाहीत आणि कूलर लावला की दमट हवेने बुरशी धरते. म्हणून एका प्रयोगशाळेकडे इन्क्युबेटरसाठी, म्हणजे तापमान स्थिर ठेवणाऱ्या पेटीसाठी, अर्ज केला. त्यात ‘जैविक नमुना: होय/नाही’ असा रकाना. मूग जैविकच, ‘होय’ लिहिलं. झालं, फाइल जैवसुरक्षा समितीकडे. बैठक कधी? कुणी सांगेना. दर खेपेला तेच, “पुढच्या आठवड्यात या.” 1989 च्या नियमांनुसार ही समिती जनुकीय बदल केलेले जीव आणि घातक सूक्ष्मजीव यांच्यासाठी असते. किराणा दुकानातल्या मुगाचा तिच्याशी काय संबंध? हे तिथे कुणीच वाचलेलं नव्हतं, याची चीड अजून आहे. शेवटी वेगळं पान जोडलं: बियाणं कुठलं, जनुकीय बदल नाही, रोगजंतू नाहीत, प्रयोगानंतर सगळं 121 अंशांवर 20 मिनिटं ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक). त्या पानावर लगेच सही झाली. तुम्ही ते अर्जासोबतच द्या.

क्लिनोस्टॅटची मोटर सीताबर्डीत मिळते. मायक्रोवेव्हच्या तबकडीची 2.5/3 आरपीएमवाली मागा. आपल्या 50 हर्ट्झवर ती मिनिटाला 2.5 फेरे घेते. अक्ष आडवा ठेवा. गुरुत्व जात नाही, त्याची दिशा तेवढी सतत बदलते, म्हणून मुळाला ‘खाली’ कळत नाही. दाणे केंद्राजवळ लावा: 4 सेंटीमीटरवर केंद्रोत्सारी प्रवेग साधारण 0.0003 जी (1 जी म्हणजे पृथ्वीवरचं गुरुत्व) असतो, बाहेर सरकाल तसा वाढतो.

तुलनेची डिश नुसती टेबलावर ठेवू नका. तशीच मोटर, तोच वेग, फक्त अक्ष उभा. नाहीतर फरक गुरुत्वाचा की मोटरच्या थरथरीचा, हे सांगता येणार नाही.

डिशमध्ये दाणे धरून ठेवणारा जेलीसारखा अगार 100 मिली पाण्याला 0.8 ग्रॅम, पातळ झाला तर फिरताना घसरतो. दाणे आधी 1 टक्का हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचचं द्रावण) 5 मिनिटं, मग निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा. झाकणाला मायक्रोपोर टेप लावा, हवा खेळती राहते.

मोटर तापते, त्यामुळे थर्मामीटर डिशला लागूनच हवा. आणि दोन्ही डिश फॉइलमध्ये गुंडाळा. उजेड मिळाला की कोंब प्रकाशाकडे वळतात आणि मुळं-कोंब किती वळले याचे मोजलेले कोन वाया जातात.