तुम्ही विचारलंत म्हणून: किनाऱ्याजवळचे डोंगर, सायकल आणि जुने रूळ

सामान लादून सायकलवर समुद्राकाठचा डोंगराळ मुलूख फिरायचाय, पण गाड्यांच्या गर्दीत जीव मुठीत धरून नाही. असा मार्ग असतो का, आणि असला तर तिथला चढ झेपतो का? हे मला इतके जण विचारतात, की आता सगळ्यांसाठी एकदाच सविस्तर लिहिते. असतो, आणि झेपतो. फक्त नकाशावर रस्ते बघत बसू नका. बंद पडलेला, रूळ काढून सायकलवाट केलेला रेल्वेमार्ग शोधा.

डोंगराळ किनाऱ्यावरचा साधा रस्ता दमवतो, त्याला तिथली जमीनच कारण आहे. डोंगरातून निघालेला प्रत्येक ओढा समुद्राकडे धावताना आपली दरी कोरतो. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या रस्त्याला या सगळ्या दऱ्या आडव्या येतात. त्यामुळे रस्ता खाली गावात उतरतो, पूल ओलांडतो, समोरची चढण चढतो आणि माथ्यावर पोचतो न पोचतो तोच पुन्हा खाली जातो. दिवसाअखेर तुम्ही कुठल्याही उंच जागी पोचलेला नसता, पण चढलेले असता एखाद्या मोठ्या घाटाइतकं.

रेल्वेला हे परवडणारं नव्हतं. लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज घरंगळतं, पण चढावर तितक्याच सहज घसरतं. म्हणून वाफेच्या इंजिनाच्या काळात पन्नास मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, म्हणजे दोन टक्के, हा चढही भारी समजला जाई. तो राखण्यासाठी इंजिनिअरांनी डोंगर कापले, दऱ्यांत भराव घातले, बोगदे खणले, उंच पूल बांधले. त्या खर्चाचा आणि कष्टांचा फायदा आज सायकलवाल्याला आयता मिळतो.

आकड्यांतच सांगते. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरा. दोन टक्के चढावर ताशी १५ किलोमीटरनं जाताना फक्त चढण्यासाठी साधारण ८० वॅट लागतात. वारा आणि टायरचं घर्षण यांसाठी अजून थोडा जोर लागतो, पण रोज थोडीफार सायकल चालवणाऱ्याला तेवढं जमतं. हेच ८० वॅट दहा टक्क्यांच्या रस्त्यावर लावले तर वेग ताशी तीन किलोमीटरवर येतो. तेवढ्या वेगात लादलेल्या सायकलचा तोलच राहत नाही, उतरून ढकलावी लागते. डोंगर तोच, पायही तेच, तरी एका वाटेवर गप्पा मारत जाता येतं आणि दुसरीवर हँडल धरून वाकून चालावं लागतं.

एक मार्ग जरा जवळून दाखवते, कारण तो माझ्या फार आवडीचा आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला उत्तर डेव्हनमध्ये टार्का ट्रेल आहे. त्यातला ब्राँटन ते मीथ हा जवळजवळ ५० किलोमीटरचा भाग जुन्या रेल्वेवरून जातो. सुरुवातीला कितीतरी वेळ तो खाडीला चिकटून असतो. ओहोटी असेल तर चिखलाची चकाकती पठारं आणि त्यात चोच खुपसत फिरणारे पक्षी दिसतात, आणि काही तासांनी परत आलात तर तिथे काठोकाठ पाणी असतं. इन्स्टोला जुनी सिग्नल केबिन अजून उभी आहे. बिडफर्डनंतर वाट टॉरिज नदीवरून पलीकडे जाते, आणि पुलाच्या मध्यावर थांबलं की रेल्वेवाल्यांनी काय केलं ते नीट कळतं. नदी खाली वळणं घेते आणि वाट मात्र आपली पातळी न सोडता सरळ पुढे जाते. ग्रेट टॉरिंग्टनच्या पुढे डांबर संपून मधूनमधून खडी-माती लागते, झाडी दाट होते आणि चढ सुरू होतो. तो डोळ्यांना जवळपास कळत नाही. पाय थोडे जड होतात, आपण एक गिअर खाली आणतो, तेवढंच. याच टापूतून पूर्वी चिनी मातीच्या भांड्यांसाठीची माती गाडीनं खाली नेत असत.

इतक्या वाटा मोकळ्या झाल्या त्यामागे मोठी पडझड आहे. १९६३ साली ब्रिटनमध्ये तिथल्या सरकारी रेल्वेचे प्रमुख रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल आला. त्यात सुमारे ८,००० किलोमीटरचे मार्ग आणि २,३६३ स्थानकं बंद करायची शिफारस होती. अनेक छोट्या गावांची गाडी त्यानंतर कायमची गेली. सायकलवाल्यांनी त्या मोकळ्या पट्ट्या पुढे मागून घेतल्या, म्हणून आपण गावांच्या झालेल्या नुकसानीवर खूश व्हावं असं मला वाटत नाही. पण पट्टी विकून तुकडे होण्यापेक्षा माणसांच्या पायाखाली राहिली, हे चांगलं झालं. स्पेननं १९९३ पासून हेच काम देशभर हाती घेतलं आणि तिथे आज अशा मार्गांची लांबी ३,००० किलोमीटरच्या वर आहे. त्यातला ओलोत ते जिरोना ५७ किलोमीटरचा मार्ग आणि तिथून पुढे समुद्रावरच्या सांत फेलिऊपर्यंतचा सुमारे ४० किलोमीटरचा तुकडा जोडून केला, तर सुरुवातीचा थोडा चढ सोडून जवळपास सगळा उतारच आहे. ज्यांना चढाची धास्ती आहे त्यांना मी हाच सुचवते.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी. पहिली म्हणजे, रेल्वे होती म्हणून वाट सपाटच असेल असं धरू नका. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर स्कारबरो ते व्हिटबी असा सिंडर ट्रॅक आहे. ही रेल्वे १८८५ मध्ये सुरू झाली आणि १९६५ मध्ये बंद पडली. तिचा रॅव्हन्सकारकडचा चढ एकोणचाळीस मीटरला एक मीटर, म्हणजे अडीच टक्क्यांच्या वर आहे. ओल्या रुळांवर इंजिनं तिथे अडत असत. सायकलवर तो चढ बराच वेळ चालतो, पण समुद्र सतत एका बाजूला असतो, आणि मला तो चढ हवासाच वाटतो. शेवटी व्हिटबीजवळ एस्क नदीवरचा तेरा कमानींचा विटांचा पूल आहे. त्यावरून सायकलनं जाता येतं, एवढ्या एका कारणासाठीही तो मार्ग करावा.

दुसरी गोष्ट, पाडलेले पूल. रेल्वे बंद झाल्यावर पुष्कळ पूल काढून टाकले गेले, आणि अशा जागी वाट एकदम दरीत उतरून तितकीच उभी वर येते. खरी दमछाक होते ती इथे. डेव्हनमध्येच टॅव्हिस्टॉक ते प्लिमथ मार्गावर वॉकम नदीची दरी अशीच आडवी यायची. २०१२ मध्ये तिथे जेम ब्रिज हा नवा पूल बांधला आणि तो प्रश्न मिटला. तेव्हा निघण्याआधी उंचीचा आलेख बघा. तो सगळा शांत असून मध्येच खोल खाच दिसली, तर पूल नाही असं समजायचं.

टायर रुंद लावा. ३८ ते ४२ मिलिमीटर मला पुरतात. बोगद्यांसाठी दिवा हवाच, कारण बाहेरच्या उन्हातून आत शिरल्यावर पहिले काही क्षण पुढचं चाकही दिसत नाही. डोंगर कापून केलेल्या घळींमध्ये ऊन पोचत नाही, ओली पानं साचतात आणि तिथे ब्रेक जोरात दाबणं धोक्याचं असतं. मोटरसायकली आत येऊ नयेत म्हणून काही ठिकाणी अरुंद, वाकडी फाटकं असतात. मागच्या बॅगा फार रुंद असल्या तर तिथे दर वेळी उतरवाव्या लागतात. आणि घंटी वाजवा, तीही लांबून. या वाटांवर चालणारे असतात, लहान मुलं असतात, कुठेकुठे घोडेही असतात. गाड्या नाहीत म्हणून इथे वेगाचा सराव करणाऱ्यांबद्दल मला मनापासून राग आहे, कारण गाड्यांना घाबरून जी माणसं इथे आलेली असतात तीच पुन्हा बिचकतात.

दिशा कशी निवडावी, हेही बरेच जण विचारतात. मार्ग नदीच्या खोऱ्यातून वर जाणारा असेल तर शक्यतो वरच्या टोकाकडून निघा. सकाळी उतारानं किनाऱ्यावर या, दुपारी परत फिरा. उन्हाळ्यात जमीन तापली की दुपारी वारा समुद्राकडून आत वाहतो, आणि परतीच्या चढावर तो पाठीशी मिळतो. किनाऱ्याकडून निघून, आत जाऊन संध्याकाळच्या आधी परतायचं म्हटलं, तर थकलेल्या पायांना तोच वारा तोंडावर घ्यावा लागतो.

आणि कुठल्या मार्गानं सुरुवात करायची म्हणाल, तर एकाच दिवसाची सवड असलेल्यांना मी टार्का सांगते. आठवडा हाताशी असेल आणि गिअर बरे असतील तर पॅरेन्झाना करा. इटलीतल्या त्रिएस्तेपासून स्लोव्हेनियामार्गे क्रोएशियातल्या पोरेचपर्यंत १२३ किलोमीटरची ही अरुंद रुळांची रेल्वे १९०२ ते १९३५ अशी चालली. रूळ अरुंद होते म्हणून तिला डोंगराच्या कडेकडेनं घट्ट वळणं घेता आली, आणि मोटोवुन नावाचं टेकडीवरचं गाव त्यामुळे सारखं वेगवेगळ्या बाजूंनी समोर येत राहतं. अंतर बघून दोन दिवसांत उरकायचा मोह होईल. तसं करू नका. क्रोएशियातल्या भागात खडी जास्त आहे, बोगदे आणि उंच पूल एकामागून एक येतात, आणि प्रत्येक पुलावर थांबावंसं वाटतं.