वू : देवांना खाली उतरवणारी

चिनी लिपी शिकत असताना 'दैवी शक्ती' या अर्थाच्या एका अक्षराने मला बरेच दिवस छळले. त्याच्या जुन्या, पूर्ण रूपात सर्वांत वर पाऊस आहे, मधे ओळीने तीन तोंडे आहेत आणि तळाशी 'वू', म्हणजे देवांना बोलावणारी स्त्री, आहे. पावसासाठी कुणीतरी देवाची आळवणी करत आहे, हे चित्र एकदा दिसले आणि मग ते अक्षर कधी चुकले नाही. 'वैद्य' या अक्षराच्याही एका जुन्या रूपात तळाशी वूच आहे. रूढ रूपात तिच्या जागी मद्याचा घडा दिसतो.

या वूला मराठीत काय म्हणावे? 'मांत्रिक' म्हटले तर नृत्य निसटते आणि 'चेटकीण' म्हणणे हा तर सरळ अन्याय आहे. इ. स. १०० च्या सुमारास श्वू शन् या विद्वानाने सिद्ध केलेल्या शब्दकोशात, निराकाराची सेवा करू शकणारी आणि नाचून देवांना खाली उतरवणारी स्त्री, असा तिचा अर्थ दिला आहे. दोन्ही बाह्या उडवत नाचणाऱ्या माणसाची आकृती त्याला या अक्षरात दिसली. असे करणाऱ्या पुरुषासाठी 'शी' हा वेगळा शब्द होता. 'अंगात येणे' हा आपला शब्दप्रयोगच मला त्यातल्या त्यात जवळचा वाटतो.

मात्र देवांशी बोलण्याचा मान राजाला फार लवकर हवासा वाटला. आन्यांगजवळ सापडलेल्या शांग राजवटीच्या अस्थिलेखांत, म्हणजे हाडांवर व कवचांवर कोरलेल्या कौलांच्या नोंदींत, हे दिसते. इ. स. पू. १२०० च्या आसपास कासवाच्या पोटाकडील कवचाला मागून खळगे पाडून तिथे चटका देत आणि पुढच्या बाजूला उमटलेल्या भेगांवरून कौल वाचत. राणी फू हाओ हिची प्रसूती सुखरूप होईल का, असा प्रश्न एका कवचावर कोरलेला आहे. राजा वू डिंग (त्याच्या नावातला 'वू' निराळा) याने स्वतः भेगा वाचून शुभ दिवस सांगितले. एकतीस दिवसांनी प्रसूती झाली ती भलत्याच दिवशी, आणि 'शुभ झाले नाही, मुलगी झाली' अशी नोंद त्याच कवचावर करण्यात आली. राजाचे भाकीत हुकले तरी त्याचे काही बिघडले नाही.

वूला ही सवलत नव्हती. इ. स. पू. ६३९ मध्ये लू राज्यात दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या अधिपतीने वूला जाळण्याचा बेत केला. त्सांग वनजोंग या मंत्र्याने त्याला अडवले. तट दुरुस्त करा, खाणे-खर्च कमी करा, असे सुचवून तो पुढे म्हणाला की, आकाशाला हे लोक नको असते तर त्याने त्यांना जन्मालाच घातले नसते, आणि दुष्काळ पाडण्याइतकी शक्ती त्यांच्यात खरोखर असेल, तर जाळल्याने तो वाढेलच. माणसे जाळली गेली नाहीत.

याहून प्रसिद्ध आहे ती शीमन बाओची कथा. ये या गावी दर वर्षी नदीदेवाला वधू म्हणून एक मुलगी सजवून, पलंगासारख्या तराफ्यावर बसवून पाण्यात सोडत. नवा अधिकारी शीमन बाओ काठावर आला, मुलगी पुरेशी सुंदर नाही म्हणाला आणि तसा निरोप देण्यासाठी सत्तरीच्या थोरल्या वूलाच त्याने नदीत फेकायला लावले. तिच्यामागून तीन शिष्या आणि मग गावचे कारभारी. उरलेल्यांनी रक्त येईपर्यंत जमिनीवर डोके आपटले. ही कथा अंधश्रद्धेवरचा विजय म्हणून सांगतात, पण मूळ वृत्तान्तात लग्नाच्या नावाने गोळा होणाऱ्या लाखो नाण्यांचा हिशेबही आहे : थोडासा भाग लग्नावर खर्च होई आणि बाकीचे पैसे कारभारी व वू वाटून घेत. म्हणजे हा धंदा भागीदारीचा होता, तरी पाण्यात पहिली गेली ती वू.

दरबाराने दूर केले तरी ही परंपरा गावदेवळांत टिकली. तैवानमध्ये आणि दक्षिण चिनी वस्त्यांत आजही 'तांग-की' आहेत. अंगात देव आला की तांग-की उघड्या पाठीवर तलवार किंवा खिळ्यांचा गोळा मारून घेतो आणि त्याच्या रक्ताचे ठिपके कागदी ताईतांवर उमटवतात. तो काय बोलतो ते बहुतेकांना कळत नाही. म्हणून मेजाशी एक साहाय्यक उभा असतो, तो ते शब्द साध्या बोलीत सांगतो, आणि प्रश्न विचारायला आलेली माणसे तांग-कीकडे नव्हे, त्याच्या तोंडाकडे पाहत असतात.